१८३२: मतदार किती वाढले ते सोड, नमलं कोण ते बघ

एम.ए.ला असलेल्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: "मॅडम, ब्रिटनमध्ये मताधिकार आणि मतदारसंघ बदलणाऱ्या १८३२ च्या सुधारणा कायद्याला सगळी पुस्तकं टर्निंग पॉइंट म्हणतात. पण मतदार जेमतेम दीडपट झाले. कामगारांना जवळजवळ काहीच मिळालं नाही, बायकांना तर मुळीच नाही, मतदानही उघडंच राहिलं. मग एवढा गाजावाजा कशाचा? आणि भारताशी संबंध जोडून एखादा परिच्छेद लिहिला तर ती ओढाताण होईल का?"

बावीस वर्षं मी साताऱ्यात आधुनिक युरोप आणि ब्रिटनचा पेपर शिकवते आहे. हा प्रश्न दरवर्षी एखाददुसरी मुलगी विचारते. बाकीचे 'मध्यमवर्गाला मताधिकार मिळाला' एवढं पाठ करतात आणि पुढच्या प्रश्नाला लागतात. तुझी शंका रास्त आहे. फक्त तू शोधते आहेस चुकीच्या जागी. कायद्याची कलमं वाचून १८३२ कळत नाही. ते कळायला त्या वर्षीच्या मे महिन्यातले नऊ-दहा दिवस बघावे लागतात, आणि कायद्यातली एक अगदी रटाळ वाटणारी तरतूद. दोन्हींकडे येते. त्याआधी थोडी पार्श्वभूमी, कारण ती नसली तर मे महिना नुसता तमाशा वाटेल.

जुनी व्यवस्था कशी होती हे सांगताना मी वर्गात ओल्ड सेरमपासून सुरुवात करते. सॉल्झबरी गावाजवळची ही एक टेकडी. जुन्या किल्ल्याच्या खुणा, बाकी गवत. माणसं तेराव्या शतकातच खाली नव्या गावात राहायला गेली होती. तरी १८३१ पर्यंत ही टेकडी पार्लमेंटमध्ये दोन खासदार पाठवत होती. मतदार हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि तेही जमिनीचा मालक सांगेल तसं मत देणारे. सफोकच्या किनाऱ्यावरचं डनिच तर बरंचसं समुद्राने गिळलं होतं, पण त्याचेही दोन खासदार शाबूत होते. उलट मँचेस्टर, बर्मिंगहॅम, लीड्स, शेफील्ड, म्हणजे जिथे कापड विणलं जात होतं, लोखंड ओतलं जात होतं, त्या शहरांचा स्वतःचा एकही खासदार नव्हता. एकट्या कॉर्नवॉल परगण्याचे १८२१ पर्यंत ४४ खासदार होते. एडिनबरासारख्या राजधानीचा खासदार नगरपालिकेतली ३३ माणसं निवडायची. पूर्ण स्कॉटलंडमध्ये मिळून मतदार साडेचार हजारांच्या आसपास.

इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेव, पेपर तपासताना मला ती सारखी खटकते. रॉटन बरो आणि पॉकेट बरो एक नव्हेत. रॉटन बरो म्हणजे वस्ती उठून गेलेला, कुजलेला मतदारसंघ. पॉकेट बरो म्हणजे कुणातरी बड्या जमीनदाराच्या खिशातला. ओल्ड सेरम दोन्ही होतं, पण बरीच पॉकेट बरो चांगली नांदती गावं होती. तिथला जमीनदार म्हणेल त्याला मत द्यायचं, नाहीतर घर खाली करायचं, एवढाच काय तो फरक. न्यूअर्कमध्ये १८२९ साली ड्यूक ऑफ न्यूकॅसलने विरोधात मत देणाऱ्या भाडेकरूंना खरंच घराबाहेर काढलं. वर त्याचं म्हणणं असं, की माझ्या मालमत्तेचं मी वाटेल ते करीन. हा ड्यूक लक्षात ठेव, तो पुन्हा भेटणार आहे.

लोक ओरडत नव्हते असं नाही. १८१९ च्या ऑगस्टमध्ये मँचेस्टरच्या सेंट पीटर्स फील्डवर साठेक हजार लोक शांतपणे सभेला जमले होते, त्यांच्यावर घोडदळ घातलं गेलं. तेच पीटरलू. पण ओरडण्याचा उपयोग व्हायला वरच्या मंडळींत फूट पडावी लागते. ती १८२९ मध्ये पडली. पंतप्रधान वेलिंग्टन आणि त्यांचे गृहमंत्री पील यांनी आयुष्यभर विरोध करून शेवटी कॅथलिकांना पार्लमेंटची दारं उघडली, आणि त्यांच्याच टोरी पक्षातले कट्टर लोक चिडून फुटले. १८३० च्या जूनमध्ये चौथा जॉर्ज वारला, जुलैत पॅरिसमध्ये क्रांती झाली आणि फ्रान्सचा राजा पळाला, ऑगस्टपासून दक्षिण इंग्लंडमध्ये शेतमजूर गंजी जाळायला आणि मळणीयंत्रं फोडायला लागले. अशा वातावरणात २ नोव्हेंबरला पंतप्रधान वेलिंग्टन उमरावांच्या सभागृहात उठून म्हणाले की आहे ती व्यवस्था उत्तम आहे, देशाचा तिच्यावर पूर्ण विश्वास आहे, आणि मी पदावर असेतोवर तिला हात लागू देणार नाही. दोन आठवड्यांत सरकार पडलं. व्हिग पक्षाचे लॉर्ड ग्रे पंतप्रधान झाले.

वेलिंग्टन हे नाव तुला परकं वाटू नये. हाच आपला आर्थर वेलस्ली. १८०३ च्या ऑगस्टमध्ये अहमदनगरचा किल्ला, २३ सप्टेंबरला असई, नोव्हेंबरमध्ये अडगाव. जालना जिल्ह्यातल्या असईच्या रणात शिंदे-भोसल्यांच्या तोफांपुढे न हटलेला माणूस आपल्याच राजधानीत जमावाच्या दगडांपुढेही हटला नाही. त्याच्या घराच्या काचा फुटल्या तेव्हा त्याने लोखंडी झडपा बसवून घेतल्या.

आता विधेयकाकडे. १ मार्च १८३१ ला लॉर्ड जॉन रसेल यांनी ते कॉमन्समध्ये, म्हणजे निवडून आलेल्या खासदारांच्या सभागृहात मांडलं आणि रद्द होणाऱ्या मतदारसंघांची यादी वाचायला घेतली, तेव्हा समोरच्या बाकांवर आधी हशा पिकला. एवढी लांब यादी कुणी खरोखर आणेल असं त्यांना वाटलंच नव्हतं. तीन आठवड्यांनी, २२ मार्चच्या रात्री, दुसऱ्या वाचनाचं मतदान झालं. हा प्रसंग मी वर्गात नेहमी सावकाश सांगते.

तेव्हा मतं मोजायची पद्धत अशी होती की एका बाजूने बाहेर लॉबीत जायचं आणि दुसऱ्या बाजूने आत बसून राहायचं. विरोधक बाहेर गेले, त्यातच वीसेक मिनिटं गेली. आत राहिलेल्यांची मोजणी झाली: ३०२. आता बाहेरचे परत येताना मोजायचे. आतल्यांना दारापलीकडचं दिसत नव्हतं, त्यामुळे नुसत्या अफवा येत होत्या. कुणी म्हणे ३०३, कुणी म्हणे ३१०, मग ३०७. शेवटी दाराजवळचा एक तरुण सदस्य बाकावर उडी मारून ओरडला की ते फक्त ३०१ आहेत! टोप्या उडाल्या, लोक रडले, हसले, पहाटेपर्यंत दंगा चालला. त्या सभागृहात टॉमस बॅबिंग्टन मेकॉले नावाचा तिशीतला खासदार होता. मित्राला लिहिलेल्या पत्रात त्याने हे सगळं रंगवून सांगितलं आहे. पहाटे चारनंतर तो बाहेर आला तेव्हा भाड्याच्या गाडीवाल्याने पहिला प्रश्न विचारला, विधेयक झालं का? एका मताने, असं कळल्यावर तो देवाचे आभार मानायला लागला. त्या गाडीवाल्याला नव्या कायद्यानेही मत मिळालं असण्याची शक्यता फार कमी.

आणि हा मेकॉले स्वतः कुठून निवडून आला होता? काल्न नावाच्या मतदारसंघातून, जो लॉर्ड लॅन्सडाऊनच्या खिशात होता. ज्या फांदीवर बसलोय तीच तोडायला निघालेली अशी बरीच मंडळी व्हिगांमध्ये होती. म्हणून त्यांना लोकशाहीवादी समजू नकोस. ग्रे यांच्या मंत्रिमंडळात बहुतेक सगळे उमराव किंवा उमरावांचे नातलग. मेकॉलेचा सगळा युक्तिवाद एका वाक्यात सांगायचा तर असा की टिकवायचं असेल तर बदला. शहरातला पैसेवाला, शिकलेला मध्यमवर्ग आत घेतला नाही तर तो बाहेर कामगारांच्या बरोबर उभा राहील, आणि मग काही खरं नाही. त्यांनी घर वाचवायला दार थोडं किलकिलं केलं. किती, याचा हिशोबही त्यांनी नीट मांडला होता.

मधल्या वर्षाचा पसारा भराभर सांगते. एका मताचं बहुमत समितीत टिकलं नाही. राजा चौथा विल्यम स्वतः जाऊन पार्लमेंट बरखास्त करून आला. निवडणुकीत सुधारणावाद्यांनी मैदान मारलं. दुसरं विधेयक कॉमन्समध्ये १३६ मतांच्या फरकाने पुढे सरकलं. ८ ऑक्टोबर १८३१ च्या पहाटे उमरावांनी ते १९९ विरुद्ध १५८ ने फेटाळलं. २१ बिशप विरोधात गेले होते, तेवढेच बाजूने पडले असते तर विधेयक पार झालं असतं. दोनच दिवसांनी नॉटिंगहॅमचा किल्ला पेटवला गेला, आणि त्याचा मालक कोण, तर न्यूअर्कचे भाडेकरू हाकलणारा तोच ड्यूक. महिनाअखेरीस ब्रिस्टल तीन दिवस जळत होतं, बिशपचा वाडाही त्यात गेला. चार जणांना फाशी झाली. जमावावर वेळेवर गोळीबार केला नाही म्हणून लष्करी अधिकाऱ्यावर खटला चालला, त्याने मध्येच स्वतःला गोळी घालून घेतली. भरीत भर म्हणजे त्याच ऑक्टोबरमध्ये सुंदरलंड बंदरात कॉलरा उतरला. बंगालातून निघालेली ही साथ रशिया ओलांडून तिथे पोचली होती.

डिसेंबरमध्ये तिसरं विधेयक आलं. एप्रिल १८३२ मध्ये उमरावांच्या सभागृहात दुसरं वाचन नऊ मतांनी कसंबसं पार पडलं. इथून मे महिना सुरू होतो आणि इथेच तुझ्या प्रश्नाचं उत्तर आहे.

७ मे. उमरावांच्या सभागृहात लॉर्ड लिंडहर्स्ट यांनी सूचना मांडली की मतदारसंघ रद्द करायची कलमं मागे ठेवू, बाकीचं आधी बघू. वरवर साधी कामकाजाची बाब, पण विधेयकाचा प्राणच काढून घेणारी. ती १५१ विरुद्ध ११६ ने मंजूर झाली. ग्रे राजाकडे गेले आणि म्हणाले, किमान ५० नवे उमराव निर्माण करा म्हणजे या सभागृहातलं बहुमत बदलेल. राजा बिचकला. उमराव निर्माण करण्याचा त्याला हक्क होता, पण एका मतदानासाठी पन्नास जणांना एकदम मुकुट चढवायचे म्हणजे उमरावपणाची किंमत ती काय राहिली? त्याने नकार दिला. ९ मेला सरकारने राजीनामा दिला.

राजाने वेलिंग्टनला बोलावलं. म्हाताऱ्याने हुकूम मानला आणि मंत्रिमंडळ जमवायला घेतलं. गंमत अशी की त्यांना आता स्वतःच एक लहानसं सुधारणा विधेयक आणावं लागणार होतं, कारण त्याशिवाय राजाला दुसरा मार्ग नव्हता. दीड वर्षापूर्वी 'हात लागू देणार नाही' म्हणणारे तेच. त्यांनी पील यांना विचारलं. पील नाही म्हणाले. १८२९ ला एकदा आपला शब्द फिरवून त्यांचे हात पोळले होते, दुसऱ्यांदा तेच करायची त्यांची तयारी नव्हती. कॉमन्समधलं वजनदार माणूस मिळेना.

इकडे देशात काय चाललं होतं? बर्मिंगहॅमला न्यूहॉल हिलच्या मैदानावर टॉमस अ‍ॅटवूड या बँकरच्या पोलिटिकल युनियनने, म्हणजे सुधारणेसाठी काढलेल्या संघटनेने, प्रचंड सभा भरवली होती. युनियनवाले दोन लाख माणसं म्हणत. आकडा फुगवलेला असेल, पण मैदान ओसंडलं होतं यात शंका नाही. विधेयक पास होईपर्यंत इथे कर भरला जाणार नाही, अशा पाट्या लोक खिडक्यांत लावत होते. आणि लंडनमध्ये चेरिंग क्रॉसला फ्रान्सिस प्लेस नावाचा एक माणूस होता. मूळचा शिंपी, चामड्याच्या विजारी शिवणारा, दुकान मुलाच्या हाती देऊन राजकारणात पडलेला. त्याच्या घरी बसून काही जणांनी एक भित्तिपत्रक तयार केलं. मजकूर अगदी थोडका: ड्यूकला अडवायचंय, तर सोनं मागा. हा ड्यूक म्हणजे वेलिंग्टन, न्यूअर्कवाला नव्हे.

हे नीट समजून घे, नाहीतर पुस्तकातलं ते वाक्य नुसतं घोषणेसारखं वाटतं. तेव्हा बँक ऑफ इंग्लंडच्या नोटेवर लिहिलेलं असायचं ते खरं असायचं: नोट घेऊन गेलात तर काउंटरवर सोनं मोजून मिळायचं. पण जगातल्या कुठल्याही बँकेप्रमाणे तिच्याकडेही सगळ्या नोटांइतकं सोनं नव्हतं. थोड्या लोकांनी मागितलं तर काही होत नाही, सगळ्यांनी एकदम मागितलं तर तिजोरी तळाला जाते आणि सरकारची पतही तिच्याबरोबर जाते. ना दगड, ना बंदूक, ना कायदेभंग. नोट तुमची, सोनं मागायचा हक्क तुमचा. काही दिवसांत पंधरा लाख पौंडांच्या आसपास सोनं बाहेर गेलं. मला विचारशील तर त्या मे महिन्यातलं सगळ्यात हुशार हत्यार हेच. आणि ते हाती कुणाच्या होतं ते बघ. ज्यांच्याकडे नोटा होत्या त्यांच्या, म्हणजे ज्यांना मताधिकार मिळणार होता त्याच वर्गाच्या.

इंग्लंड खरंच क्रांतीच्या उंबरठ्यावर होतं की प्लेस आणि मंडळी नुसती हूल देत होती, यावर इतिहासकारांचं अजून भांडण आहे. माझं मत असं की हूल बरीच होती. प्लेसला बोलबाला करायची कला येत होती, आणि नंतर लिहिलेल्या त्याच्या टिपणांत तो स्वतःला थोडा जास्तच मोठा करतो. पण हूल चालली याचाच अर्थ समोरच्यांचा तिच्यावर विश्वास बसला होता. ब्रिस्टलचा धूर विरून सहा-सात महिनेच झाले होते.

१४ मेला कॉमन्समध्ये वेलिंग्टनच्या प्रयत्नांवर इतकी टीका झाली, टोरी बाकांवरूनसुद्धा, की दुसऱ्या दिवशी त्यांनी राजाला कळवलं की जमत नाही. राजाला ग्रे यांना परत बोलवावं लागलं. राजाच्या खाजगी सचिवाने विरोधी उमरावांना पत्रं लिहिली, की विरोध सोडा, नाहीतर नवे उमराव येतील. १८ मेला राजाने, गरज पडली तर उमराव निर्माण करीन, असा शब्द दिला. तो पाळायची वेळच आली नाही. वेलिंग्टन आणि सुमारे शंभर उमराव मतदानाच्या वेळी सभागृहातून निघून गेले. ४ जूनला तिसरं वाचन झालं तेव्हा मतं पडली १०६ विरुद्ध २२. त्या रिकाम्या बाकांकडे बघ, सगळं तिथे आहे. ७ जूनला राजाची संमती मिळाली, पण राजा स्वतः आला नाही. प्रतिनिधींकरवी काम उरकलं.

कुठल्याही कायद्यात असं लिहिलेलं नव्हतं की उमरावांनी कॉमन्सपुढे मान तुकवावी. आजही १८३२ च्या कायद्यात ते सापडणार नाही. पण त्या दिवसापासून प्रत्येक राजाला आणि प्रत्येक उमरावाला ठाऊक होतं की कॉमन्समधलं बहुमत आणि बाहेरचा संताप एकत्र आले की शेवट कसा होतो. पुरावा हवा असेल तर १८३४ बघ. त्या नोव्हेंबरात याच राजाने ग्रे यांच्यानंतर आलेल्या मेलबर्न यांचं व्हिग सरकार काढून टाकलं आणि पील यांना बसवलं. जुन्या काळी राजाने नेमलेलं सरकार निवडणूक जिंकायचंच, कारण पॉकेट बरो हाताशी असायची. पील यांनी निवडणूक घेतली, जागा वाढल्या, बहुमत काही आलं नाही. एप्रिल १८३५ मध्ये ते गेले आणि मेलबर्न परत आले. ब्रिटनच्या राजाने सरकार बडतर्फ करण्याची ती अखेरची वेळ. आणि १९११ मध्ये उमरावांचा नकाराधिकार काढून घ्यायचा होता तेव्हाही नवे उमराव निर्माण करण्याची हीच जुनी धमकी पेटीतून काढली गेली, आणि तेव्हाही ती वापरावी लागली नाही.

आता ती रटाळ तरतूद. शहरात मतदार व्हायचं तर तुझ्या घराचं किंवा दुकानाचं वर्षाचं भाडेमूल्य १० पौंड हवं. बारा महिने ताबा हवा, कर थकलेले नकोत. लंडनमध्ये भाडी चढी, त्यामुळे १० पौंडांच्या घरात चांगला कारागीरही राहायचा. लीड्समध्ये भाडी कमी, तिथे सव्वा लाखाच्या वस्तीत मतदार निघाले चार हजारांच्या आसपास. एकच कायदा, एकच आकडा, आणि गावोगावी वेगळा निकाल. परगण्यांमध्ये ४० शिलिंगांची जुनी मालकीची अट राहिली, आणि मार्क्विस ऑफ चँडोस यांच्या दुरुस्तीने ५० पौंड खंड भरणाऱ्या साध्या कुळांनाही मत मिळालं. ही दुरुस्ती उदार दिसते, पण कूळ म्हणजे जमीनदाराच्या मुठीतलं मत. ५६ मतदारसंघ पूर्ण गेले, ३० मतदारसंघांचा एकेक खासदार गेला, ४२ शहरांना नवे खासदार मिळाले. इंग्लंड-वेल्समधले मतदार अंदाजे ४ लाख ३५ हजारांवरून साडेसहा लाखांवर गेले. तुझं दीडपट बरोबर आहे.

पण हे मतदार ठरवायचे कुणी? त्याआधी मतदार याद्यांची नीट व्यवस्थाच नव्हती. मतदानाच्या फळीवर चढल्यावर वाद व्हायचे, मतदान पंधरा-पंधरा दिवस चालायचं. नव्या कायद्याने ते दोन दिवसांवर आणलं, आणि त्यासाठी दरवर्षी यादी करायची असं ठरवलं. यादी चर्चच्या दारावर लागायची. एक शिलिंग फी. कुणाच्याही नावावर कुणीही हरकत घ्यायची, आणि शरद ऋतूत वकील येऊन सुनावणी करायचे. हे वाचताना झोप येते, मला ठाऊक आहे. पण जरा विचार कर. विरोधकाच्या पन्नास मतदारांवर हरकत घेतली आणि तीस जण सुनावणीला आलेच नाहीत, तर निवडणूक न लढता तीस मतं गेली. म्हणजे गावात वर्षभर कागद सांभाळणारा माणूस हवा. कचेरी हवी, वर्गणी हवी. १८३२ मध्ये टोरींनी कार्ल्टन क्लब काढला, १८३६ मध्ये दुसऱ्या बाजूने रिफॉर्म क्लब. पील आपल्या लोकांना नोंदणी करा, नोंदणी करा असं बजावायचे, आणि १८४१ मध्ये त्यांनी निवडणुकीच्या जोरावर बहुमतातलं सरकार पाडून दाखवलं. पक्ष नावाची जी गोष्ट आज आपण ओळखतो, ती या यादीवर वाढली.

मतदान उघड राहिलं हे तू उणं म्हणून लिहिलं आहेस. उणं आहेच, १८७२ पर्यंत राहिलं. पण त्यात एक वाकडं वळण आहे. निवडणुकीनंतर पोल बुक छापून विकली जायची. मी त्यांच्या स्कॅन केलेल्या प्रती वर्गात पडद्यावर दाखवते. नाव, धंदा, मत कुणाला. बेकर, कसाई, दारूचं दुकान चालवणारा, किराणावाला, सगळे रांगेत. आता समज, तू विणकर आहेस आणि तुला मत नाही. पण तुझ्या कसायाने कुणाला मत दिलं ते छापून आलं आहे. तू त्याच्याकडून मटण घेणं बंद केलंस तर? कामगारवस्त्यांत असे बहिष्कार खरंच घातले गेले. मत एकाचं, आणि त्यावर दाब दोघांचा: वरून घरमालकाचा, खालून गिऱ्हाइकाचा. गुप्त मतदान नसण्याचा फायदा फक्त जमीनदारालाच झाला असं लिहू नकोस.

कामगारांची फसवणूक झाली हे मात्र लिही, जोर देऊन लिही. मे महिन्यात रस्ते त्यांनी भरले आणि १० पौंडांच्या रेषेने त्यांना बाहेर ठेवलं. प्रेस्टनसारख्या गावात तर पूर्वी जवळजवळ सगळ्या पुरुषांना मत होतं, नव्या नियमाने तो हक्क पुढच्या पिढीला मिळणार नव्हता. प्रेस्टनचा खासदार हेन्री हंट, पीटरलूच्या सभेचा मुख्य वक्ता, कॉमन्समध्ये उभा राहून हेच सांगत होता, आणि स्वतःच्याच बाजूच्या शिव्या खात होता. १८३४ चा गरिबांचा कायदा आला, मदतीच्या बदल्यात राबवून घेणारी वर्कहाऊस आली, आणि १८३८ मध्ये कामगारांसाठी मत मागणाऱ्या सनदवाल्यांच्या (चार्टिस्टांच्या) सहा मागण्या बाहेर पडल्या. बायकांचं तर असं की 'पुरुष व्यक्ती' हे शब्द मतदाराच्या व्याख्येत या कायद्याने पहिल्यांदा घातले. तोवर रूढीने बंद असलेलं दार आता कुलूप लावून बंद झालं. ३ ऑगस्ट १८३२ ला, कायदा होऊन दोन महिनेही झाले नव्हते, हंट यांनी मेरी स्मिथ नावाच्या यॉर्कशायरच्या बाईचा अर्ज कॉमन्समध्ये मांडला. मी कर भरते, कायद्याच्या शिक्षा मला लागू आहेत, मग मला मत का नाही? सभागृहात हशा झाला. डिसेंबरच्या निवडणुकीत हंट पडले.

राहिला भारताचा परिच्छेद. ओढाताण होणार नाही, पण बेताने लिही. '१८३२ मुळे भारतात लोकशाही आली' असलं काही लिहिलंस तर मी स्वतः गुण कापीन. धागे पक्के आहेत तेवढेच धर. ओल्ड सेरम अठराव्या शतकात पिट घराण्याकडे होतं. ते विकत घेणारा टॉमस पिट पुढे मद्रासचा गव्हर्नर झाला, आणि भारताच्या व्यापारातला पैसा त्याच्या हाताशी होता. तेव्हा कुजक्या मतदारसंघांत आपल्याकडच्या पैशाचं खत होतंच. राजा राममोहन रॉय १८३१ च्या एप्रिलमध्ये लिव्हरपूलला उतरले आणि हा सगळा गोंधळ त्यांनी तिथे राहून पाहिला. विधेयक पडलं तर मी या देशाशी संबंध तोडीन, असं ते उघड बोलले होते. मेकॉले डिसेंबर १८३२ मध्ये नव्याने मिळालेल्या लीड्समधून निवडून आला, सुधारलेल्या पार्लमेंटमध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या १८३३ च्या चार्टर कायद्यावर बोलला, आणि १८३४ मध्ये त्याच कायद्याने निर्माण केलेल्या जागेवर भारतात आला. पुढचं त्याचं इंग्रजी शिक्षणावरचं टिपण तुला पाठ असेल. त्याच कायद्याने कंपनीचा व्यापार बंद झाला, ती नुसती राज्य करणारी संस्था उरली. मुंबईत बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ ला सुरू झालं, हेही वर्ष तेच. पण हा निव्वळ योगायोग आहे, त्यातून कार्यकारणभाव काढू नकोस.

आणि साताऱ्याची असशील तर रंगो बापूजींना विसरू नकोस. प्रतापसिंह छत्रपतींना कंपनीने १८३९ मध्ये पदच्युत करून काशीला पाठवलं, आणि त्यांचे वकील म्हणून रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले. चौदा वर्षं तिथे राहिले. अर्ज, पत्रकं, सभा, कंपनीच्या भागधारकांच्या बैठका: म्हणजे प्लेस आणि अ‍ॅटवूड यांनी जे मार्ग चोखाळले तेच, पाठीशी कुणी जमाव नसताना. त्यांची बाजू मांडणाऱ्यांत जॉर्ज टॉमसन हे एक होते. हे टॉमसन १८४७ मध्ये लंडनच्या पूर्वेकडच्या टॉवर हॅम्लेट्समधून खासदार झाले, आणि टॉवर हॅम्लेट्स हा मतदारसंघ १८३२ च्या कायद्यानेच जन्माला आलेला. म्हणजे साताऱ्याच्या गादीसाठी बोलणारा एक आवाज त्या कायद्याने उघडलेल्या दारातून आत गेला होता. पुढच्याच वर्षी डलहौसीने सातारा खालसा केलं. रंगो बापूजी १८५३ मध्ये रिकाम्या हाताने परत आले.